मोहनबाईंची ढाळ

(नंदुरबार, १९३६. दुपार. मारवाडी जैन व्यापारी गौतमचंदचं माजघर. लगतच्या खोलीत त्याची आई मोहनबाई शेवटच्या घटका मोजते आहे. बायको लाडकंवर तिच्या उशाशी. ओसरीवर समाजाचे पंच. मोहनबाईंची म्हातारी नणंद पानीबाई आत्ताच धानोऱ्याहून बैलांच्या दमणीतून उतरली आहे.)

पानीबाई : हाई नको रे! हाई तर स्तवनसनी तुन्ही नवी वही शे. जुनी आण.

गौतमचंद : जुनी नाही, भुआजी. तिची नक्कल करून आईला ही वही दिली आणि जुनी प्रकाशा गावी तापीत सोडली. दहा वर्षं झाली.

पानीबाई : अरे रामा! भाभी काय म्हणस?

गौतमचंद : काय म्हणणार? संथारा घेतलाय, अन्न सोडून चौथा दिवस. पहिल्याच दिवशी वाचाही गेली. या एका स्तवनावर बोट ठेवते. मी वाचून दाखवलं की नुसतं पाणी येतं डोळ्यांतून.

पानीबाई : वाची काय करशी? ते म्हणानं ऱ्हास. मन्ही माय, म्हणजे तुन्ही आजी गयी, तवय तिना उशाले बशी भाभीनीच म्हणेल व्हतं. मरणनं स्तवन शे ते. एरवी घरमा कोणी म्हणत नही.

गौतमचंद : म्हणजे तुम्ही ऐकलंय! म्हणा ना मग.

पानीबाई : मी रडी ऱ्हायंतू, बेटा. ध्यान कोठे व्हतं? पण ढाळ सांग, लगेच म्हणसू. स्तवनना वर लिखेल ऱ्हास ना, ढाळ अमकी म्हणून.

गौतमचंद : 'ढाल' लिहिलेलं होतं, ते? त्या सगळ्या ओळी मी सोडून दिल्या. मास्तर म्हणाले, ढाल लढाईतली, देवाच्या वहीत तिचं काय काम?

पानीबाई : मास्तरले काय समजस! लिखतस ढाल, म्हणतस ढाळ. ढाळ म्हणजे चाल. लगीनना गाणानी पयली ओळ वर लिखतस, म्हणजे त्याच चालवर देवनं म्हणानं. बायासले नवी चाल कोण शिकाडी? तोंडमा बठेल चालच कामले येस. माले दोनशे गाणा येतस. तू फक्त ती ओळ सांग.

लाडकंवर : भुआजी, बाईजींना ऊर्ध्व लागलाय. जे करायचं ते लवकर करा.

गौतमचंद : तीन चाली लावून पाहिल्या आम्ही. आरतीची, पाळण्याची… प्रत्येक वेळी मान हलवते, ही नाही म्हणून.

पानीबाई : भाभीनी तुले कधी सांगं नही, ओळी लिखाना ऱ्हाई ग्यात म्हणून?

गौतमचंद : बाकीची सगळी तिला पाठ होती. हे पान तर उघडायचंच नसतं. वही मात्र आल्यागेल्याला दाखवायची. माझ्या गौतमचं अक्षर बघा, म्हणायची.

पानीबाई : आठव रे बाप्पा. एक ओळ. एकच!

लाडकंवर : अहो, तुम्हाला आठवत नाही, की सांगायचं नाही?

गौतमचंद : काय बोलतेस हे?

लाडकंवर : भुआजींना बोलवा म्हणून पहिल्या दिवसापासून तुमच्या मागे लागलेय. दमणी पाठवलीत आज सकाळी.

गौतमचंद : आठवते. पहिल्या दिवसापासून आठवते.

पानीबाई : मंग बोल ना, मेल्या!

गौतमचंद : शिवी आहे ती, भुआजी. लग्नात व्याह्यांना गाऊन देतात, तसली. वाचून कान तापले होते माझे. मास्तर एक निमित्त झाले.

पानीबाई : मंग काय जयं?

गौतमचंद : ओसरीवर पंच बसलेत! असली गाणी बंद करायचा ठराव मी मांडला, भर सभेत. समाजातल्या धनुबाईंनी एका लग्नात म्हटलं तर त्यांना जेवणाच्या पंगतीतून उठवलं. मीच उठवलं. आणि आता त्याच चालीवर, माझ्याच घरात, संथाऱ्यापुढे…

पानीबाई : ठरावनी माय मरी ऱ्हायनी, का तुन्ही?

गौतमचंद : …'ब्याणजी ढोली रे लारे न्हाटी.'

पानीबाई : व्याहीण ढोलवालासंगे पळी गयी! अरे देवा, मन्हा लगीनमा भाभीच म्हणे हाई. हासी हासी लोळूत आम्ही. चाल आत. मन्हा दम पुरत नही आते. मी चाल धरस, शब्द तू म्हण.

गौतमचंद : मी?

पानीबाई : मंग काय पंच म्हणतीन?

लाडकंवर : ते उठून इकडेच बघतायत. दार लावू?

गौतमचंद : राहू दे उघडं. …'जीवडा, ओ घर थारो नाही रे…'

पानीबाई : हाई घर तुन्हं नही, जीवा… 'घर'वर ओढ. ढोलीले ओढतस तसं, लाजू नको.

गौतमचंद : 'जीवडा, ओ घर…'

लाडकंवर : बोट हललं! अहो, चादरीवर ठेका धरतायत बाईजी! म्हणा, म्हणा…

गौतमचंद : '…थारो नाही रे…'

लाडकंवर : थांबलं बोट. …भुआजी, हाताला श्वास लागत नाही.

गौतमचंद : चार दिवस होते. चार दिवस होते माझ्याकडे, भुआजी.

पानीबाई : म्हण बेटा, पुरं म्हण. आते तिले घाई नही.