‘आपली’ म्हणजे कुणाची

नाव मुंजाबा कडुबा देवकते, वय ६६, धंदा पूर्वी जीप चालवणे, सध्या घरीच, रा. रांजणगाव, वाळूज, जि. छत्रपती संभाजीनगर.

मी स्वतः ठाण्यात येऊन, कुणी न शिकवता सांगतो की, माझा मुलगा आदिनाथ यानं जीप चोरीची फिर्याद दिली व त्यावरून बन्सी निकम, रा. पिशोर, ता. कन्नड, यांना कालपासून इथं बसवून ठेवलं आहे. बन्सीनं चोरी केलेली नाही. त्याला सोडावं म्हणून मी कन्नडहून, लेकीच्या घरून आलो आहे. हवालदार साहेब म्हणतात, गाडीचं पुराण नको, चोरीचं बोला. पण गाडीचं सांगितल्याबिगर चोरीचं काय डोंबल कळणार? तरी लिहून घ्यावं.

सदर जीप जुनी असून चारही चाकं ओढणारी आहे. कागद माझ्या नावावर आहेत. मी चालवायचो, बन्सी मशीन सांभाळायचा. एरवी कन्नड-पिशोर सवाऱ्या भरायचो. दुष्काळात डोंगरातल्या वस्त्यांवर टँकर चढत नव्हते, तिथं आम्ही पाण्याचे ड्रम न्यायचो. आधी बायांचे हंडे भरायचे, मग मेंढरांची पाळी, आणि उरलंसुरलं रेडिएटरला. दिवस लई वंगाळ होते. तरी मला त्यांची आठवण येते, हे पण लिहावं.

वस्तीवर कुणी विचारलं गाडी कुणाची, तर बन्सी म्हणायचा, ‘आपली.’ म्हणजे माझी, त्याची आणि विचारणाऱ्याची बी. त्यामुळं बाळंतीण न्यायची असली तर हाक मारायला कुणी लाजत नव्हतं.

पुढं मुलाला वाळूजला कंपनीत काम लागलं. मी जीप घेऊन त्याच्याकडं आलो, बन्सी गावीच राहिला. एक चावी त्याच्याकडं होती. त्यानं ती दिली नाही, मी मागितली नाही. गावाकडं गाडी उतारावर लावायचो. बॅटरी मेली तरी चार जणांनी ढकलली की चालू. इथं आलो तेव्हा घरामागं ज्वारी होती. नंतर प्लॉट पडले, सगळं सपाट झालं आणि ढकलायला माणूस बी मिळेना.

यंदा जीप उभीच राहायला लागली. नवी बॅटरी टाकली, ती दोन दिवसांत बसली. एका गॅरेजवाल्यानं आल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारं यंत्र, बदलून दिलं. दुसऱ्यानं वायरिंग बदललं. फरक नाही. शेवटी आदिनाथनं भंगारवाल्याला बोलावलं. ती जाताना मला बघवली नसती, म्हणून मी लेकीकडं निघून गेलो. जाताना बन्सीला फोनवर सांगितलं. तो ‘बरं’ म्हणाला. मला त्याचा राग आला. इतकी वर्षं संगं काढली आणि नुसतं बरं!

नंतर समजलं ते असं. बन्सी ट्रॅक्टरची बॅटरी पोत्यात बांधून एसटीनं वाळूजला आला. कंडक्टरनं पोत्याचं तिकीट फाडलं. घरी कुणी नव्हतं. त्यानं बॅटरी जोडून गाडी सुरू केली, व्होल्ट मोजायचं मीटर लावलं. काटा बंद गाडीला बारावर, चालूलाही बारावर. चालू झाल्यावर तो चौदाच्या घरात जायला पाहिजे. मग त्यानं स्टेअरिंगपुढचा बारका लाल दिवा बघितला. चावी दिली की तो लागतो, गाडी सुरू झाली की विझतो. आमचा लागतच नव्हता आणि आम्ही खूश, की लाल दिवा नाय म्हणजे तक्रार नाय. पण या जुन्या गाडीत आल्टरनेटरला जागं करणारा करंट त्याच दिव्यातून जातो. दिवा उडालेला होता. पूर्वी बन्सी म्हणायचा, मंत्र्याच्या गाडीला लाल दिवा वरून असतो, आपल्या गाडीला आतून हाय. त्यानं दिवा बदलला, काटा वर गेला.

चालू झालेली गाडी मला दाखवायला तो कन्नडकडं निघाला. वाटेत पोलिसांनी गाडी कुणाची विचारलं. तो सवयीनं ‘आपली’ म्हणाला. त्यावर ‘इसमाने गाडी स्वतःची असल्याचे सांगितले’ असं लिहिलं गेलं. शहरात आपली म्हणजे माझी. आमच्याकडं तसं नाही. आदिनाथवर माझा राग नाही, रिकामी जागा बघून पोरगं घाबरलं.

बन्सीला गाडी न्यायची परवानगी दिली होती का, असं मला विचारलं. दिली नव्हती. खोटं बोलणार नाही. साहेब म्हणाले, मग ही चोरीच. त्यावर माझं म्हणणं जसंच्या तसं लिहावं: “परवानगी परक्यानं मागायची असती साहेब. बन्सीनं मागितली असती तर मला वाईट वाटलं असतं.”

गाडी बन्सीच्या ताब्यात द्यावी. मला आता रस्ता नीट दिसत नाही. भंगारवाल्याला मी नाही म्हणून कळवलं आहे, आदिनाथला ठाण्यातूनच फोन केला आहे. तो फिर्याद मागं घेतो म्हणाला.

लिहिलेलं हवालदार साहेबांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं, बाकावरून बन्सीनंही ऐकलं. मी बोललो तसंच आहे. पुढं काही विचारायचं झालं तर निरोप रांजणगावला धाडू नये, पिशोरला धाडावा. मी बन्सीसंगं गाडीतूनच चाललो आहे.