गुंडेराव अण्णांची बारावी खोली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष सन्माननीय मल्लप्पा अप्पा, व्यासपीठावरचे पाहुणे तात्याराव गुरुजी, जत्रा कमिटीचे सभासद, मेहकरहून मुद्दाम आलेल्या सरुबाई, आणि दुबलगुंडीच्या माझ्या आयाबहिणींनो, बांधवांनो!

ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो, ते गुंडेराव अण्णा पार शेवटच्या खुर्चीवर बसलेत. पुढे या म्हटलं तर ऐकत नाहीत. तीस वर्षं त्यांनी आपल्या जत्रेत कनातींचा भूलभुलैया उभा केला, आणि बाहेर पडायच्या दाराशी मी उभा राहिलो. बोलायचा मान मला मिळाला तो त्यामुळे, विद्वत्तेमुळे नव्हे.

अण्णांचा खेळ मोठा की त्यांची पाटी? मला विचाराल तर पाटी. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, कुठं कंटाळलात, कुठं भ्यालात? आणि पुढच्या साली काय नवं करणार ते शिरायच्या दाराशी पाटीवर खडूनं लिहीत. नेम एकच. नव्या खोलीचं कापड फाडून शिवायला घेतल्याशिवाय पाटीवर अक्षर काढायचं नाही.

तो नेम एकदाच मोडला, शहात्तर साली, भूलभुलैयात अकरा खोल्या असताना. गीता अक्का, म्हणजे अण्णांच्या घरच्या, सगळ्या कनाती हातानं शिवायच्या. त्या म्हणाल्या, "लिवा की बारावी खोली. मी शिवते." अण्णांनी लिहिलं. कापडाचा तागा आणून पेटीत ठेवला. त्याच पावसाळ्यात अक्का गेल्या.

पुढची जत्रा आली. खोल्या अकराच. पण पाटी पुसायला अण्णांचा हात उठेना. त्यांनी लिहिलं, "बारावी तयार होत आहे."

आणि पहिल्याच दिवशी, भर दुपारी, या सरुबाई बाहेर आल्या नि मला म्हणाल्या, "बारावी ब्येस झालीय की! तयार न्हाई म्हणून कामून लिवलंय? आत बाई शिवायलीय. मान वर करंना. थोडकंच ऱ्हायलंय म्हणली."

मी हसलो. संध्याकाळपर्यंत आणखी नऊ जणांनी तेच सांगितलं, तेव्हा मात्र मी अण्णांना हाक मारली. अण्णा आत गेले आणि अकरा खोल्या मोजून बाहेर आले. दर साली ते जात, दर साली अकराच. परक्यांना ती दिसायची, यांना एकदाही नाही. हा कुठला न्याय?

मी भांडलो त्यांच्याशी. "अण्णा, खरं लिवा. केली न्हाई ती खोली व्हायलीय म्हणून किती साल सांगायचं?"

ते म्हणाले, "पुसलं तर तिला जा म्हणल्यावानी व्हईल, अंकुश."

बारा वर्षं ती ओळ राहिली. खेळणाऱ्यांना फसवलं असं म्हणायचं का? मी म्हणतो, होय. निरोपाच्या दिवशी हे बोलू नये, पण बोलतो. जो वाट पाहतो त्याला खरं कळायला हवं, मग तो दाराबाहेरचा असो की आतला.

यंदा अण्णांनी स्वतःच पाटी पुसली. लिहिलं, "बारावी खोली मी केली नाही. आता होणार नाही. चूक माझी." त्या दिवशी कुणालाच बाई दिसली नाही. सरुबाई तेवढ्या म्हणाल्या, "जागा मोकळीय. कापडाची घडी घालून ठेवलीय."

जत्रा उठली, कनाती उतरवल्या. दर साली चव्वेचाळीस भरतात. यंदा अठ्ठेचाळीस भरल्या. चार कोऱ्या, आणि त्यांच्या कोपऱ्यांना अक्कांची ती लाल दोऱ्याची दुहेरी गाठ. आम्ही दोघांनी घरी जाऊन पेटी उघडली. तागा नव्हता.

कमिटीनं अण्णांसाठी शाल आणली आहे. ती नंतर. त्या चार कनाती मी आज सकाळी या व्यासपीठामागे उभ्या केल्यात. कुणालाही आत सोडलेलं नाही. मीही गेलो नाही. तरी मी बोलायला उभा राहिल्यापासून मागे कुणीतरी दातानं दोरा तोडतंय. अध्यक्ष महाशयांनी दोनदा मागे वळून पाहिलं, ते माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. एखादा शब्द जास्तीचा गेला असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर घरचा माणूस म्हणून पोटात घाला.

अण्णा, उठा आता. दाराशी आज पाटी लावलेली नाही. आधी तुम्ही आत जाऊन या.