आधी भार, मग पान्हा

स्वानंदी: पण शॉक अ‍ॅब्झॉर्बर तर नवे आहेत, आजोबा! मग मागची चाकं उड्या का मारतात?

आजोबा: सांगतो. आधी तू सांग, उड्या कधी मारल्या?

स्वानंदी: गोदामांच्या मागे तो सरळ रस्ता आहे ना, तिथे. बाबा म्हणाला, घट्ट धर, पन्नास वर्षांची अमेरिकन गाडी कशी पळते बघ. आणि एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मागून धाड धाड धाड धाड! माझे दात वाजले.

आजोबा: आणि हळू चालवताना?

स्वानंदी: काहीच नाही. मग बाबाने गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. मी म्हटलं, बाबा, घरी जाऊ या. तो उठलाच नाही. शेवटी आई सायकलवरून आली आम्हाला न्यायला.

आजोबा: हं.

स्वानंदी: तेव्हापासून तो ऑफिसला जात नाही. नुसता वर खोलीत. आपण ही दुरुस्त केली की तो खाली येईल.

आजोबा: असं इथल्या डच डॉक्टर म्हणाल्या?

स्वानंदी: नेय, नाही. डॉक्टर म्हणाल्या, विश्रांती. हे मी म्हणते.

आजोबा: बाळा, तुझा बाबा गाडीमुळे... बरं, असू दे. दप्तरातली पट्टी आण. दोन्ही टोकं तू धर. मी मधे पकडून पिळतो. कशी झाली?

स्वानंदी: इंग्रजी एससारखी!

आजोबा: आणि सोडली?

स्वानंदी: फट्! सरळ.

आजोबा: गाडीखाली ते लोखंडी पाटे आहेत ना, एकावर एक? तीच ही पट्टी. जोर दिला की एक्सल त्यांना पिळतो. पुरतं पिळलं की पाटे झटक्यात सरळ होतात आणि चाक रस्ता सोडतं. टेकलं की परत पिळतं.

स्वानंदी: धाड धाड.

आजोबा: अगदी. जुन्या गाड्यांत थोडं असतंच ते. इतकं का, ते शोधायचं. टॉर्च घे. पाट्याच्या पुढच्या टोकाला बोल्ट आहे, त्याच्याभोवती रबर असतं. बुश म्हणतात त्याला. मला तिथलं दिसत नाही, तू बघ.

स्वानंदी: फाटलंय. काळे तुकडे पडतायत. सकाळी मी पावावर चॉकलेटचे दाणे टाकते ना, तसे.

आजोबा: आणि त्या बाजूचं?

स्वानंदी: तेही! पण हे नवीन होते. बाबाने बसवले, मी टॉर्च धरला होता.

आजोबा: कसे बसवले? पहिल्यापासून सांग. घाई नाही.

स्वानंदी: गाडी स्टँडवर उचलली. चाकं लटकत होती. बुश घातले, बोल्ट घातला, मग तो टक् वाजणारा पान्हा. टक् झालं की थांबायचं. बाबा म्हणाला, आमच्या ऑफिसात केसाच्या हजाराव्या भागाची चूक चालत नाही, इथे काय होणार!

आजोबा: टक् झालं तेव्हा चाकं लटकतच होती?

स्वानंदी: या, लटकतच होती. का?

आजोबा: माझं मनगट धर. घट्ट. सोडायचं नाही हं. आता मी हात फिरवतो.

स्वानंदी: ई, तुमची कातडी ओढली जाते!

आजोबा: रबराचं तेच झालं. हवेत असताना जखडलं. मग गाडी खाली आली, पाटे सपाट झाले, रबर मात्र पिळलेलं. नुसत्या उभ्या गाडीतसुद्धा पिळलेलं. त्या दिवशी जोर पडला आणि फाटलं. आयटीआयत शिकवायचो तेव्हा माझ्या प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी हे करायचं. बहुतेक वेळा सगळ्यात नीटनेटका मुलगा.

स्वानंदी: म्हणजे बाबा चुकला.

आजोबा: आवळणं बरोबर होतं. आधी चाकांवर भार येऊ द्यायचा होता, एवढंच. बघ, बुशांचा दुसरा जोड असेल खोक्यात. तो लहानपणापासून सगळं दोन-दोन आणतो.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. नवे बुश बसले आहेत, बोल्ट अजून सैल. गाडी लोखंडी उतारांवर, चारही चाकांवर उभी.)

स्वानंदी: आता आवळू?

आजोबा: थांब. चालवणारा आत बसलेला असला तर उत्तम.

स्वानंदी: गाडीचं वजन पुरत नाही?

आजोबा: पुरतं. पण तू वर जाऊन सांग, पुरत नाही म्हणून.

स्वानंदी: खोटं?

आजोबा: जा.

(थोड्या वेळाने स्वानंदी बाबाला, धवलला, घेऊन खाली येते.)

धवल: काय चाललंय, अण्णा? ही म्हणते मी लागतोय.

आजोबा: आलास? ये. बुश फाटले होते.

धवल: शक्य नाही. मी टॉर्क बघून आवळले होते. एकूण एक.

आजोबा: आकडा बरोबर होता रे. चाकं हवेत होती.

धवल: ...हो. हवेत होती.

स्वानंदी: बाबा, बस ना! पाचच मिनिटं. आजोबा परवा भारतात परत जाणार.

धवल: स्वानू, आज नको.

आजोबा: सुरू करायची नाहीये, धवल. नुसतं बसायचं.

धवल: तेच तर. बसलो की सुरू करावीशी वाटायला हवी. आणि नाही वाटली तर?

आजोबा: नाही तर नाही.

धवल: तुमच्यासमोर चालेल. हिच्यासमोर नको. स्वयंपाकघरात तांदळाच्या गोण्या आहेत, त्या ठेवा सीटवर. माझ्याइतकं वजन होईल.

स्वानंदी: गेला.

आजोबा: हं. आण गोण्या. एक एक आण, जड आहेत.

स्वानंदी: ठेवल्या. सीट पुढे घेतली, नाही तर घसरत होत्या. पट्टापण लावला.

आजोबा: शाब्बास. दे पान्हा. नाही, तूच ये. झोपून. सावकाश ओढ.

स्वानंदी: टक्.

आजोबा: आता पलीकडचा.

स्वानंदी: टक्. झाली? दुरुस्त झाली?

आजोबा: व्हायला हवी.

स्वानंदी: म्हणजे नक्की नाही?

आजोबा: जोरात पळवल्याशिवाय कळत नाही, बाळा. मला इथलं लायसन्स नाही. तुझी आई हिला हात लावत नाही.

स्वानंदी: आणि मी अकरा वर्षांची.

आजोबा: हो.

स्वानंदी: मग कळणारच नाही?

आजोबा: माझ्यासमोर तर नाही.

स्वानंदी: तांदूळ काढू? आईला भाताला लागतील.

आजोबा: काढ. आणि सीट मागे सरकवून ठेव. त्याचे पाय लांब आहेत.