सोलापूरच्या वाटेवरची कळशी

दुष्काळात मोठी गाडी बाळगणं म्हणजे काय, ते आमच्या मामांना विचारा. त्यांनी हैदराबादहून एक जुनी विलायती गाडी आणली होती. मखमली बैठका, आठ माणसं ऐसपैस बसतील एवढी लांबरुंद. अख्ख्या जळकोटात तशी दुसरी नव्हती.

मामीचं पहिलं बाळंतपण अडलं आणि सुईणीनं हात टेकले. मामांनी तडक सोलापूरचा रस्ता धरला. मागं मामीला धरून मी बसले होते. निम्म्या वाटेत बॉनेटखालून वाफ निघाली आणि गाडी थांबली. रेडिएटरमधलं पाणी आटलं होतं. मामा डबा घेऊन जवळच्या विहिरीकडं पळाले आणि तसेच परतले. विहिरीत नुसता गाळ होता.

गाडीत एक कळशी होती, मामीला प्यायला म्हणून भरून घेतलेली. मामा तिच्याकडं बघायचे अन् मान फिरवायचे. शेवटी मामीच कण्हत म्हणाली, "आता कशाची वाट बघताय? वता की ती कळशी!"

"अगं, तुला घोटभर तरी लागंल."

"म्या तहान सोसते. गाडीला सोसंना झालंय. वता म्हणते ना!"

इंजिन जरा निवल्यावर मामांनी पाणी ओतलं. गाडी निघाली. सोलापूरला पोचल्या पोचल्या मुलगी झाली, मायलेकी सुखरूप.

पुढं लई वर्षांनी एक गिऱ्हाईक गाडी बघायला आलं. त्यानं विचारलं, "भरवशाची हाय का?"

मामा म्हणाले, "गाडीचं न्हाय सांगता येत. पण बायको भरवशाची असली, तर कुठलीबी गाडी पोचती."