डावीकडे ओढणारी लँडमास्टर

(१९६९. धुळ्यात पारोळा रस्त्यावरचं पंडित मिस्त्रीचं गॅरेज, शनिवार सकाळ. पारोळ्याचे तेलघाणीवाले रतनलाल शेठ आणि त्यांच्या पत्नी धनकुंवर जुन्या लँडमास्टरमधून नुकतेच उतरले आहेत. गाडी धनकुंवरने चालवत आणली आहे.)

रतनलाल : फागण्याच्या वळणावर ही मला थेट बाभळीत घालत होती, मिस्त्री. देवानेच वाचवलं.

धनकुंवर : मी नाही, गाडी घालत होती. मी तर उजवीकडे ओढत होते. हा उजवा खांदा असा भरून आलाय की आज पोळी लाटता यायची नाही.

रतनलाल : चाक धरायचं असतं, त्याच्याशी कुस्ती खेळायची नसते. सुकदेव ड्रायव्हर होता तेव्हा हीच गाडी दोरी लावल्यासारखी सरळ जायची. तो एसटीत लागला, त्याच्याकडून शिकून ही चाकावर बसली, आणि गाडी डावीकडे तोंड फिरवायला लागली. ह्यात शोधायचं ते काय?

पंडित : शेठ, तुम्ही चहा घ्या. अक्का, तुम्ही सांगा. गाडी कवा ओढस?

धनकुंवर : सरळ रस्त्यावर थोडी. ब्रेक दाबला की जास्त. आणि वळणावर आधी गाडीचं तोंड वळतं, मग मागचं धूड सावकाश येतं, येऊ की नको असा विचार करत.

पंडित : बेस सांगं अक्का. नही तं लोके येतस अन् नुसतं सांगतस, गाडी बिघडनी.

रतनलाल : बेस-बिस राहू दे. दुपारी शिंदखेड्याचं गिऱ्हाईक इथेच येतंय. तू गाडी पुसून चकचकीत कर, मी विकतो. उद्या मोहनबाईला आणायला आम्ही एसटीने शिरपूरला जातो.

धनकुंवर : पोरीचं पहिलं बाळंतपण, आठवा लागलाय. त्या एसटीत धडधाकट माणसाची हाडं खिळखिळी होतात. मी तिला शब्द दिलाय, आई गाडी घेऊन येईल म्हणून. ह्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू, सुकदेव गेला. मग चालवणार कोण, मीच ना?

रतनलाल : कोणीच नाही. म्हणून तर विकतोय.

धनकुंवर : मिस्त्री, तुम्हीच साक्षीला राहा. दोष माझ्या हाताचा निघाला तर जन्मात चाकाला शिवणार नाही. गाडीचा निघाला तर उद्या मी शिरपूरला जाणार, आणि हे हूं की चूं करणार नाहीत. म्हणा आता.

रतनलाल : म्हटलं. रतनलालचा शब्द बाजारात चालतो, घरात नाही चालणार?

पंडित : मंग बसा मना बाजूले, शेठ. एक चक्कर मारी येऊ.

धनकुंवर : आलात? काय झालं? अहो, बोला ना.

पंडित : शेठ सांगतीन.

रतनलाल : ह्याच्याही हातात डावीकडेच गेली. कबूल. पण ह्याचा अर्थ काय? वर्षभर हिने खड्ड्यांतून आपटली, म्हणून बिघडली.

धनकुंवर : वा. हात सुटला तर आता पाय धरला.

रतनलाल : नाहीतर टायर असेल. डावं चाक उजवीकडे लाव, उजवं डावीकडे, मग बघ.

पंडित : तेबी करी देखू. तुमना मनमा शंका नको.

रतनलाल : कर मग. मीही पुन्हा बाजूला बसतो.

पंडित : करं ना? फिरी उनूत ना? आते सांगा.

रतनलाल : तरी डावीकडेच.

पंडित : मना अंदाज सांगू? शॉकअप गयेल शे. पैज लावस. अक्का, या डाव्या कोपरावर जोरबन दाबा. हां. आते सोडा.

धनकुंवर : खाली गेली, वर आली, थांबली.

पंडित : थांबनी? लगेच?

धनकुंवर : लगेच. शॉकअप गेलेला असता तर झुलत राहिली असती ना?

पंडित : हां. मना अंदाज चुकना. शॉकअप बराबर शे. मंग खाल जावं लागी. शेठ, गाडी कुरकुर करस का?

रतनलाल : करायची, सुकदेवच्या वेळी. आता ऐक, मुकी आहे की नाही? तो गेल्यापासून मी जातीने काळजी घेतो. नोकर काय घेणार?

धनकुंवर : मी पण खाली बघते. सरका थोडं.

रतनलाल : अगं, साडी. लोक बघतायत.

धनकुंवर : बघू देत. मिस्त्री, ही पहार इथे लावून हलवलं की अख्खा दांडा हलतो. उजवीकडचा का नाही हलत?

पंडित : लोखंड अन् लोखंडना मधमा रबरनं बुश रहास. ते चाकले धरी ठेवस. उजवं टणक शे. डावं देखा, बोट आत जास. ब्रेक मारा का चाक मागं सरकस, गाडी तथी ओढस. अन् मागना स्प्रिंगना पाट्यानं डावं बुश बी तसंच.

धनकुंवर : म्हणजे माझा हात नाही.

पंडित : नही, अक्का. तुमना हात नही.

धनकुंवर : ऐकलंत? परत सांगा मिस्त्री, जरा मोठ्याने. पण थांबा, हे काय चिकट? ग्रीस आहे का?

पंडित : ग्रीस काळं रहास. हाई तं पिवळं शे.

धनकुंवर : वास घ्या. तीस वर्षं ह्या वासात संसार केलाय मी. हे आपल्या घाणीचं शेंगदाण्याचं तेल आहे. अहो, तुम्ही वर पत्र्याकडे काय बघताय?

रतनलाल : शनिवारी लोखंडाला तेल द्यायचं असतं.

धनकुंवर : काय?

रतनलाल : आमच्या घाणीचा रिवाज आहे, वडिलांपासूनचा. शनिवारी आधी लोखंडाला तेल, मग गिऱ्हाइकाला. गाडीही लोखंडाचीच. पूर्वी सुकदेव ग्रीस भरायचा, तेव्हा मी लक्ष घातलं नाही. तो गेल्यावर वाटलं, तिलाही द्यावं. दर शनिवारी खाली वाकून हाताने घालतो. कुरकुर थांबली. म्हटलं, मानवलं तिला.

पंडित : लोखंडले मानवस, शेठ. रबरले नही. रबर तेल पेस, फुगस, मंग लोण्यागत व्हस.

धनकुंवर : पण मग डावंच का?

रतनलाल : गोदामात गाडीची उजवी बाजू भिंतीजवळ येते, वाकायला जागा नसते. तिकडे माझा हात पोचत नाही.

धनकुंवर : म्हणजे शनीची सगळी कृपा एकाच अंगाला. वर्षभर मी तुमच्या तेलाशी कुस्ती खेळत होते आणि तुम्ही शेजारी बसून माझ्या हातांना नावं ठेवत होतात. मला खरंच वाटायला लागलं होतं, बाईच्या हातात नसेलच हे. किती वेळा मी हे हात उलटेसुलटे करून बघितलेत, ठाऊक आहे?

रतनलाल : मिस्त्री, बुश आहेत तुझ्याकडे?

पंडित : शेतस. डावं-उजवं बठ्ठं नवं टाकी देस. जेवणपर्यंत गाडी तयार.

रतनलाल : टाक.

धनकुंवर : झाली ना गाडी तयार? आता मीच चालवणार. तुम्ही बाजूला बसा. मिस्त्री, मागे या.

रतनलाल : हळू. आता सरळ रस्ता आहे.

धनकुंवर : चाक जरा सैल सोडते, बघा.

रतनलाल : सोडू नकोस.

धनकुंवर : सोडलं.

रतनलाल : अगं... अगं, ही तर सरळ चाललीय. दोरीत चाललीय.

धनकुंवर : ब्रेक दाबते.

रतनलाल : दाब. हां. जागेवर थांबली. पंडित, बघितलंस?

पंडित : देखं, शेठ. मी मांगेच बसेल शे.

धनकुंवर : सासूबाई म्हणायच्या, सोन्याची कांब आणि घरचा माणूस, दोन्ही पारखून घ्यावीत. आज गाडी पारखली. तुम्ही राहिलात.

रतनलाल : बोल, आज तुझा दिवस आहे. आणि ऐक, मघाचं फागण्याचं वळण पुन्हा घे.

धनकुंवर : कशाला? बाभळीला भेटायला?

रतनलाल : मला बघायचंय, मागचं धूड आता बरोबर येतं का.

धनकुंवर : घेतलं. आलं की नाही बरोबर?

रतनलाल : आलं. परत एकदा घे.

पंडित : शेठ, पेट्रोल बी तुमना घाणीमाच निंघस का? चला गॅरेजले.

धनकुंवर : आलं गॅरेज. हे बाकावर कोण बसलंय?

पंडित : शिंदखेडानं गिऱ्हाईक उनं वाटस. काय सांगू त्याले?

रतनलाल : चहा पाज. म्हणावं, गाडीला उद्या शिरपूरला जायचंय. लेकीला आणायला. आमच्या घरचं माणूस चालवतंय.

पंडित : बराबर. अन् शेठ, ही तेलनी डबी तुमनी? डिक्कीमा सापडनी. आज शनिवार शे.

रतनलाल : दे इकडे.

धनकुंवर : अहो, पुन्हा?

रतनलाल : गाडीला नाही. घरी गेल्यावर कोमट करून तुझ्या खांद्याला लावायला. उद्या शिरपूरपर्यंत त्याच्याच भरवशावर जायचंय.