नातीचं नाव सोडून

जबाब देणारीचं नाव: मैमुनाबी इस्माईल चौगुले. वय: पासपोर्टप्रमाणे ६१. धंदा: घरकाम. मूळ गाव दापोली तालुक्यात, जिल्हा रत्नागिरी. सध्या मुक्काम मुलाकडे, रोल्ला, शारजा. तारीख १२ मार्च २००३.

मी स्वतः पोलीस स्टेशनला येऊन, दुभाषी विलास ठाकूर यांच्यासमोर, माझ्या मराठीत सांगते की,

वरच्या पत्त्यावर मी, मुलगा हमीद, सून शहनाझ आणि नात असे राहतो. पती वारल्यावर मुलाने मला इकडे आणलं. हमीद पोर्टवर कामाला आहे, शहनाझ दवाखान्यात काउंटरवर बसते. नात अकरा वर्षांची आहे. ती शाळेतून आली की घरात आम्ही दोघीच.

हॉलमध्ये कॉम्प्युटर आहे, अभ्यासासाठी घेतलेला. दोनेक महिन्यांपूर्वी नातीला गप्पा मारायच्या एका साइटवर जायचं होतं. तिथे जन्मतारीख विचारली. खरी टाकली तर आत घेईना. ती म्हणाली, "दादी, इट्स नॉट अलाउइंग. यू हॅव टू बी थर्टीन." मी म्हटलं, मग वाढव की. आमच्या गावात मास्तरांनी अख्ख्या वर्गाचा जन्म एक जूनला लावला, साल त्यांच्या मर्जीचं. माझ्या पासपोर्टावर अजून तेच आहे. त्यावर व्हिसा मिळाला, कोणी काही बोललं नाही. नातीने पंधरा केले.

तिथे रुहान नावाचा एक मुलगा लिहायचा. वय चौदा, दुबईत शाळेत आहे, असं त्याने सांगितलं. नात वाचून दाखवायची, मी सांगायचे ते ती लिहायची. मी त्याची खूप खेचली. "विचार त्याला, नाक पुसता येतं का?" तो हसायचा, म्हणजे तसं लिहायचा.

एकदा त्याने विचारलं, कुठे राहता. नात म्हणाली, "टीचर सेड डोन्ट टेल." मी म्हटलं, विचारलं तर सांगावं, आपण काय चोर आहोत? आमच्याकडे वाटेत कोणी विचारलं, कुणाची गो तू, की बापाचं नाव, मोहल्ला, घर, सगळं सांगतात. न सांगणारीला शिष्ट म्हणतात. मी बोलत गेले, नात लिहीत गेली. हमीदचं नाव, बेकरीच्या वरची बिल्डिंग, तिसरा माळा, शाळा कोणती, हमीद-शहनाझ घरी कधी नसतात. घरी आम्ही नातीला काय हाक मारतो, तेही. त्याने फोटो मागितला. युनिफॉर्ममधला पाठवला. तो मी निवडला.

परवा सोमवारी दुपारी बेल वाजली. दारात माणूस. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात चॉकलेटचा डबा. म्हणाला, "मैं रुहान." मला हसू आलं. मी म्हटलं, "चौदह साल का? और मूँछ कितने साल की है?" तोही हसला. हसता हसता पाय उंबऱ्याच्या आत ठेवला. मग नातीला हाक मारली. घरच्या नावाने.

नात आतून आली. त्याला पाहिलं. बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. मी त्याला सांगितलं, तिचा बाप आत नमाज पढतोय. आत कोणी नव्हतं.  त्याने डबा चपलांच्या रॅकवर ठेवला. "खलास, स्कूल में मिलता हूँ उसको," म्हणाला आणि जिन्याने उतरून गेला.

शहनाझ घरी आल्यावर नात बाहेर आली. आईने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "नथिंग." त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. मी चिडवून पाहिलं. शाळेत गेलेली नाही.

हमीदचं म्हणणं, तक्रार नको. रोल्लात सगळी आपल्याकडची माणसं, पोरीचं नाव खराब होईल. "अम्मी, तुम्ही गप्प बसा. इन्शाल्ला विसरेल ती." मी म्हटलं, ती विसरेल रे. तो विसरेल का?  शहनाझने आज सुट्टी घेतली, नातीजवळ आहे. मला टॅक्सीत तिनेच बसवलं.

इथल्या पोलीस साहेबांनी विचारलं, अंगाला हात लावला का? नाही. घरात घुसला का? एक पाय. मुलीने वय पंधरा लिहिलं, हे खरं का? खरं. मी सांगितलं म्हणून. ठाकूरसाहेब, हे असंच लिहा, गोड करू नका. तुम्ही पेणची माणसं फार गोड बोलता.

माणूस सापडला तर ओळखायला नातीला बोलावू नये. मी येईन. तो हसला तेव्हा त्याच्या समोर मी होते.

साहेब नातीचं नाव पुन्हा पुन्हा विचारतात. शाळेच्या फाटकावर आपला माणूस उभा करायचा तर मुलगी कोण ते कळायला पाहिजे, म्हणतात. ते मी त्यांच्या कानात सांगते. कागदावर नाही. ठाकूरसाहेब म्हणाले, "मावशी, नावाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही." मी म्हटलं, मग माझं लिहा.

हा जबाब ठाकूर यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे, म्हणून खाली सही करते.

मैमुनाबी इस्माईल चौगुले