चिठ्ठ्या माझ्या, ओळ काशीनाथची

…आणि वर मलाच म्हणतो, "मॅडम, तुमच्या भल्यासाठीच केलं!" भल्यासाठी! तुम्हाला सांगते, मी तशी भित्री, कुकरची शिट्टी झाली तरी दचकते, आणि नोकरी कुठे लागावी, तर भाईंदर पूर्वेला, कुकरच्या रबरी रिंगा करणाऱ्या कारखान्यात! पण त्या भट्टीवाल्या काशीनाथला मी सोडणार नाही. नाही म्हणजे नाही!

झालं काय, आमच्या रिंगा तडकायला लागल्या. शेठ म्हणाले, "समिधा मॅडम, आप तो स्टॅटिस्टिक्सवाली हो ना? ढूंढो क्यों तडकता है. मिला तो पर्मनंट, नहीं मिला तो…" आणि नुसता हात हलवला! आता नोकरी गेली की आई लग्नासाठी मुलं दाखवायला सुरुवात करणार, फोटो केबिन रोडच्या स्टुडिओत आधीच काढून ठेवलाय, साडीतला!

मग मी रीतसर प्रयोग आखला. रिंगा शेवटी भट्टीत भाजतात. तर भट्टीचं तापमान दोन पातळ्यांवर, कमी आणि जास्त. भाजायची वेळ तशीच, थोडी आणि पुष्कळ. सगळ्या जोड्या केल्या, प्रत्येक जोडी दोनदा, अशा आठ चिठ्ठ्या डब्यात घातल्या, डोळे मिटून काढल्या, आणि निघाल्या त्याच क्रमाने घाणे लावायचे, असं काशीनाथला बजावलं. का? अहो, दिवसभरात वीज कमीजास्त होते, रबर बदलतं, माणसं कंटाळतात… क्रम सरमिसळ असला की कशाचं खापर भलत्याच्या डोक्यावर फुटत नाही. इतकं साधं!

आणि भट्टी सांभाळणारा हा काशीनाथ, माझी पाठ वळताच काय करतो? थंड घाणे सगळे आधी, गरम सगळे जेवणानंतर! "भट्टी तापवा, निववा, परत तापवा… घरी काय मॅडम, एक पोळी झाली की तवा निववता? मी आपलं ओळीनं उरकलं!" ओळीनं!! मी कुठे होते म्हणता? ऑफिसात. त्या भट्टीचं दार धाडकन आपटतं हो, माझ्या काळजाला नाही झेपत…

निकाल आला, गरम भट्टीच्या रिंगा एकदम झकास! शेठ खूश, पेढा भरवला, अख्खा माल गरम भट्टीत काढला. आणि सगळा तडकून परत! शेठ ओरडले तेव्हा माझ्या हातातून पेन उडालं. मग चौकशीत कळलं, प्रयोगाच्या दिवशी जेवणानंतर रबराचं नवं, चांगलं पोतं उघडलं होतं, आणि अख्खा माल निघाला जुन्याच पोत्यांतून. म्हणजे करामत पोत्याची, आणि हार भट्टीच्या गळ्यात! सोडेन मी याला?

मी दिवसभर मनात सूड रंगवला. प्रयोग पुन्हा करायचा, चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढायच्या, मी स्वतः भट्टीसमोर खुर्ची टाकून बसणार, कानात कापूस घालून! तापव काशीनाथ, निवव काशीनाथ, आता परत तापव… घामाने निथळताना "चुकलो मॅडम" म्हणायला हवा!

शेठ उभे, काशीनाथ उभा, अख्खा कारखाना उभा. मी डबा असा हलवला, विचारता सोय नाही! पहिली चिठ्ठी, थंड. दुसरी, थंड. ठीक आहे, होतं असं. तिसरी… थंड. चौथी… थंड! म्हणजे डब्यात उरल्या त्या सगळ्या गरम! काशीनाथची ओळ, जशीच्या तशी!

मी म्हटलं, "प… परत काढूया का?"

काशीनाथने हात जोडले. "मॅडम, आमच्या गावाला देवाला कौल लावतात. दिलेला कौल आवडला नाही म्हणून परत लावत नाहीत. देव कोपतो."

आणि माझं स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक? तेही त्याच्याच बाजूचं! आवडली नाही म्हणून चिठ्ठी बदलली, तर ती चिठ्ठी कसली? सांगा ना!

शेठ हसले. "देखा? डब्बा भी काशीनाथ की सुनता है. आगे से पहले उसको पूछने का."

तर… प्रोबेशन वाढलंय माझं. काशीनाथच्या हाताखाली.